हेलिगोलँडचे बेट आणि त्याचे गावकरी

नगरपालिका म्हटली की आपल्यापुढे काही ठरावीक गोष्टी उभ्या राहतात. नळाला पाणी सुटण्याची वेळ, घरपट्टीची नोटीस, रस्त्यातले खड्डे आणि दर काही वर्षांनी येणारी निवडणुकीची धामधूम. गावाचा कारभार गावाने पाहावा, एवढीच त्यामागची साधी कल्पना. पण कारभार पाहायचा तर आधी गाव गावकऱ्यांच्या हाती असायला हवे. ते नसले म्हणजे काय होते, आणि हातचे गेलेले गाव माणसे परत कशी मिळवतात, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने उत्तर समुद्रातल्या एका इवल्याशा बेटाची हकिकत ऐकावी.

या बेटाचे नाव हेलिगोलँड. जर्मन लोक हेल्गोलांट म्हणतात. बेटावरच्या मूळ रहिवाशांची बोली फ्रिझियन कुळातली आहे. त्या बोलीत बेटाला जे नाव आहे त्याचा अर्थ नुसता 'भूमी' असा होतो. ज्याच्या चारी बाजूंना पाणीच पाणी, त्याने आणखी वेगळे नाव ठेवायचे तरी कशाला? भूमी म्हणून काय ती एवढीच!

ही भूमी किती आहे बघा. जर्मनीच्या वायव्येला जिथे एल्ब आणि वेझर या नद्या समुद्राला मिळतात, तिथून बाहेर पडावे. सर्वांत जवळच्या किनाऱ्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर हे बेट लागते. त्याचे दोन तुकडे आहेत. एक तांबड्या खडकाचा, क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटर. दुसरा त्याच्या पूर्वेला, वाळूचा, तो त्याहूनही लहान, ०.७ चौरस किलोमीटरचा. या दुसऱ्याला ड्यून म्हणतात, म्हणजे वाळूची टेकडी. दोन्ही मिळून १.७ चौरस किलोमीटर. आपल्याकडचे एखादे बेताचे खेडेदेखील शिवारासकट याच्या कितीतरी पट भरते. वस्ती सुमारे तेराशे माणसांची. पण या तेराशे माणसांना स्वतःची नगरपालिका आहे, निवडून दिलेले सभासद आहेत, नगराध्यक्ष आहे.

बेटाचा जिल्हा पिनेबर्ग. तो हँबर्ग शहराला लागून, मुख्य भूमीवर. मौज अशी की बेटावरच्या सर्वांत उंच जागेलाही पिनेबर्ग हेच नाव आहे. तिची उंची एकसष्ट मीटर, आणि साऱ्या पिनेबर्ग जिल्ह्यात याहून उंच जागा नाही! जिल्ह्यातला सर्वांत उंच 'डोंगर' चढायचा तर आधी बोटीत बसावे लागते.

आता हा खडक समुद्रात उगवला कसा, ते पाहू. सह्याद्रीचा काळा फत्तर पाहून ज्यांची नजर तयार झाली आहे त्यांना वाटेल, ज्वालामुखीने वर आणला असेल. तसे नाही. हा खडक वालुकाश्माचा आहे. सुमारे चोवीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वी इथे उष्ण, कोरडा, वाळवंटी प्रदेश होता. त्या काळी साचलेल्या वाळूचा आणि गाळाचा हा दगड झाला. त्याचा तांबडा रंग लोखंडाच्या गंजाचा. या थरांच्या खाली, फार खोलवर, मिठाचे जाड थर आहेत. मीठ इतर खडकांपेक्षा हलके आणि दाबाखाली हळूहळू सरकणारे. कणकेच्या गोळ्यावर एका बाजूने दाब द्यावा आणि ती दुसरीकडे फुगून वर यावी, तसे हे मीठ वर चढत गेले आणि त्याने डोक्यावरचा तांबडा खडक तिरपा उचलून समुद्राबाहेर काढला. म्हणून जर्मनीच्या किनाऱ्यापासून इतके दूर, उभ्या कड्यांचे असे दुसरे जर्मन बेट तुम्हांला सापडायचे नाही.

पण वालुकाश्म मऊ. पश्चिमेकडून येणाऱ्या लाटा त्याला सारख्या कुरतडत असतात. वायव्य टोकाला समुद्रात एकटाच उभा असलेला सत्तेचाळीस मीटर उंचीचा एक सुळका आहे. लोक त्याला 'उंच ॲना' म्हणतात. पूर्वी तो एका नैसर्गिक कमानीने बेटाला जोडलेला होता. १८६० साली कमान ढासळली आणि ॲना एकटी पडली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिमेच्या कड्याला समुद्राच्या बाजूने लांबलचक भिंत बांधावी लागली. ती नसती तर बेट आजच्याइतकेही उरले नसते.

आणि बेटाचे दोन तुकडे झाले त्यात समुद्राइतकाच माणसाचाही हात होता. पूर्वेच्या बाजूला एके काळी पांढरा कडा होता, चुनखडीचा आणि जिप्समचा. बांधकामाला चुना उपयोगी, म्हणून शतकानुशतके तो खणून विकला गेला. खणता खणता कडा इतका पोखरला की १७११ च्या वादळात तो कोसळला. त्याच्या आडोशाने टिकलेला वाळू-दगडांचा बांध उघडा पडला. १७२० सालच्या अखेरच्या रात्री समुद्र खवळला आणि त्याने तो बांध तोडून टाकला. तेव्हापासून तांबडा खडक इकडे आणि वाळूची टेकडी तिकडे, मध्ये समुद्र. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण तीनशे वर्षांनी ती पुन्हा गावाच्या चर्चेला येणार आहे.

भूगोल इतका सांगितला तो अशासाठी, की या बेटाचा सारा इतिहास त्याच्या जागेतून निघालेला आहे. एल्ब नदीच्या तोंडाशी हँबर्गसारखे बंदर. तिथे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक जहाजावर नजर ठेवायची तर हेलिगोलँडवरून ठेवावी. बेटावरची माणसे आपली मासे धरीत, शेवंडांसारखे मोठे समुद्री जीव पकडीत आणि परक्या जहाजांना वाट दाखवून नदीत नेऊन सोडीत. त्यांना या नजर ठेवण्याशी काही कर्तव्य नव्हते. पण राजांना होते. स्लेस्विगच्या ड्यूकांकडून १७१४ साली बेट डेन्मार्ककडे गेले. १८०७ साली नेपोलियनशी युद्ध चालू असताना ब्रिटिश आरमाराने ते घेतले. नेपोलियनने युरोपची बंदरे ब्रिटिश मालाला बंद केली होती. मग तोच माल या खडकावर उतरू लागला आणि रात्रीच्या अंधारात लहान बोटींतून किनाऱ्यावर पोहोचू लागला. १८१४ च्या तहाने बेटावरचा ब्रिटिश अंमल कायम झाला.

युद्ध संपले आणि चोरटा व्यापारही संपला. गावाला पोटापाण्याचा दुसरा धंदा शोधणे भाग होते. याकोब सीमेन्स नावाच्या बेटावरच्याच एका माणसाने १८२६ साली समुद्रस्नानाचे आरोग्यस्थान काढले. हवा चांगली, समुद्र स्वच्छ. त्यातून जर्मन राज्यांत छापण्या-बोलण्यावर कडक पहारा असे, तो इथे नव्हता. साहजिकच कवी, लेखक, विचारवंत इकडे येऊ लागले. हायनरिश हायने इथे राहून गेला. ऑगस्ट १८४१ मध्ये हॉफमान फॉन फालर्सलेबेन या कवीने याच बेटावर एक गीत लिहिले. त्याचे तिसरे कडवे आज जर्मनीचे राष्ट्रगीत आहे. जर्मनीचे राष्ट्रगीत लिहिले गेले ते ब्रिटनच्या भूमीवर. इतिहास कधी कधी असा विनोद करतो.

आता १८९० साल येते. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म याला मोठे आरमार उभारायचे होते. बाल्टिक आणि उत्तर समुद्र जोडणाऱ्या कील कालव्याचे काम चालू होते, आणि त्याचे पश्चिमेचे तोंड एल्ब नदीतच उघडणार होते. त्या तोंडासमोर ब्रिटिश निशाण त्याला खुपत होते. ब्रिटनचे लक्ष त्या वेळी आफ्रिकेकडे होते. १ जुलै १८९० रोजी दोघांत करार झाला. 'झांझिबार देऊन हेलिगोलँड घेतले' असे सर्रास म्हटले जाते, पण ते तितकेसे बरोबर नाही. लवंगांचे ते झांझिबार जर्मनीच्या मालकीचे कधीच नव्हते. ते सुलतानाचे होते. जर्मनीने एवढेच कबूल केले की तिथे ब्रिटनने आपले संरक्षण लादावे, आपण आड येणार नाही. शिवाय पूर्व आफ्रिकेतले विटूचे राज्यही जर्मनीने ब्रिटनच्या प्रभावाखाली सोडले. म्हणजे एकाने दुसऱ्याला तिसऱ्याची वस्तू मोकळी करून दिली, आणि बदल्यात चौथ्याचे गाव घेतले.

हा चौथा कोण? बेटावरचे सुमारे दोन हजार रहिवासी. त्यांना कोणी विचारले नाही. त्या लोकांचे मत घ्यावे असे राणी व्हिक्टोरियाचेही म्हणणे होते आणि तिने आपली नाराजी पंतप्रधान सॅलिसबरींना कळवली होती. पण करार झाला तो झालाच. ९ ऑगस्टला ब्रिटिश गव्हर्नर आर्थर बार्कली यांनी बेट सुपूर्द केले आणि दुसऱ्याच दिवशी सम्राट स्वतः येऊन उतरला. रहिवाशांना काही सवलती मिळाल्या, त्याही सांगितल्या पाहिजेत. ज्याला ब्रिटिश नागरिक राहायचे असेल त्याने १८९२ च्या आरंभापर्यंत तसे ठरवावे, आधी जन्मलेल्यांवर लष्करी नोकरीची सक्ती नसावी, आणि वीस वर्षे जकात वाढू नये. सवलती चांगल्या होत्या. पण सवलत देणे वेगळे आणि विचारणे वेगळे.

आपल्याला यात नवल वाटू नये. आपली मुंबईची बेटे १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या करारात इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ साली त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. माहीम-वरळीच्या कोळ्यांना आणि भंडाऱ्यांना कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. बेट लहान असले आणि मोक्याचे असले की त्याच्या माणसांचा विसर पडतो, हा जुनाच अनुभव आहे.

विसर पडला की पुढे काय होते ते हेलिगोलँडने पाहिले. जर्मन आरमाराने खडकात तोफा बसवल्या, बोगदे खणले, बंदर बांधले. १९१४ साली महायुद्ध सुरू होताच गावकऱ्यांना घरे सोडून मुख्य भूमीवर जाण्याचा हुकूम झाला. चार वर्षांनी ते परतले. व्हर्सायच्या तहाने तटबंदी पाडली गेली आणि पुन्हा प्रवासी येऊ लागले. याच शांततेच्या काळात, जून १९२५ मध्ये, वेर्नर हायझेनबर्ग नावाचा तेवीस वर्षांचा शास्त्रज्ञ गवताच्या परागांनी शिंका आणि सर्दीने हैराण होऊन इथे आला. खडकावर झाडोरा कमी, म्हणून पराग कमी. इथल्या मोकळ्या हवेत त्याचे डोके मोकळे झाले आणि अणूच्या आतल्या व्यवहाराचे नवे गणित त्याला सुचले. आजच्या क्वांटम यामिकीचा आरंभ तिथून धरतात. २०२५ साली त्या घटनेला शंभर वर्षे झाली, तेव्हा जगभरचे भौतिकशास्त्रज्ञ या बेटावर जमले होते.

पण शांतता टिकली नाही. हिटलरच्या राजवटीत तटबंदी पुन्हा उभी राहिली, पाणबुड्यांसाठी काँक्रीटचे प्रचंड आसरे बांधले गेले. युद्ध हरल्यातच जमा होते तेव्हा बेटावरच्या काही जणांनी ठरवले, की पांढरे निशाण लावून गाव वाचवावे. १८ एप्रिल १९४५ च्या पहाटे ते पकडले गेले. तीन दिवसांनी त्यांपैकी पाच जणांना गोळ्या घालण्यात आल्या. आणि ज्या दिवशी ते पकडले गेले त्याच दिवशी दुपारी सुमारे एक हजार ब्रिटिश विमाने आली आणि त्यांनी सुमारे सात हजार बाँब टाकले. एक चौरस किलोमीटरवर सात हजार! दोनशेहून अधिक माणसे मेली, त्यांत बहुतेक तोफांवरचे सैनिक. गावकरी खडकात खणलेल्या भुयारांत बसून होते, म्हणून वाचले. वर येऊन पाहतात तो गाव नाही. मग त्यांना मुख्य भूमीवर हलवण्यात आले आणि जिथे जागा मिळेल तिथे ते विखुरले.

बेट आता ब्रिटनच्या ताब्यात आले. तटबंदी कायमची निकामी करायची म्हणून भुयारांत आणि पाणबुड्यांच्या आसऱ्यात सुमारे ६,७०० टन स्फोटके रचली गेली आणि १८ एप्रिल १९४७ रोजी ती एकाच वेळी उडवण्यात आली. अणुबाँब सोडला तर माणसाने घडवलेल्या सर्वांत मोठ्या स्फोटांत याची गणना होते. बेटाचे दक्षिण टोक कोसळले. पण खडक मऊ आणि सच्छिद्र, त्याने बराच धक्का पोटात घेतला आणि बेट उभे राहिले. जिथे खडक उडाला तिथे एक खोलगट सपाटी झाली. पूर्वी कड्यावरचे वरचे गाव आणि कड्याखालचे खालचे गाव असे दोनच भाग होते. आता तिसरा झाला, त्याला म्हणतात 'मधली जमीन'. नकाशावर नवा भाग कसा येतो, याचे हे एक विदारक उदाहरण आहे. पुढची पाच वर्षे ब्रिटिश विमाने सरावासाठी या ओसाड खडकावर बाँब टाकीत राहिली.

गाव नाहीसे झाले म्हणजे गावकरी नाहीसे झाले काय? कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली त्यांना विचारा. गाव बुडाले तरी पत्ता सांगताना ओठांवर जुनेच नाव येते. हेलिगोलँडच्या लोकांचे तसेच झाले. बेटावरच जन्मलेला याम्स क्र्युस हा तरुण, जो पुढे मुलांचा लेखक म्हणून नावारूपाला आला, त्याने विखुरलेल्या बेटकऱ्यांसाठी 'हेलिगोलँड' याच नावाचे पत्रक काढले. जमीन नव्हती तेव्हा गाव त्या छापील पानांत राहत होते, असे म्हटले तरी चालेल.

आणि मग २० डिसेंबर १९५० रोजी, कडाक्याच्या थंडीत, हायडेलबर्गचे दोन विद्यार्थी, रेने लॉयडेस्डॉर्फ आणि गेओर्ग फॉन हात्झफेल्ट, बोटीने बेटावर उतरले आणि उद्ध्वस्त खडकावर त्यांनी निशाणे उभारली. हाती शस्त्र नव्हते. आम्ही इथे बसलो आहोत, आता बाँब टाका, असा तो प्रकार. आपण याला सत्याग्रहच म्हटले असते. दोघेही बेटाचे रहिवासी नव्हते, हे विशेष. मागून आणखी लोक येऊन मिळाले. जानेवारीच्या आरंभी त्यांना उचलून नेले, पण बातमी सर्वत्र गेली होती. एक हजार वर्षांचा नव्हे, दोन आठवड्यांचाच मुक्काम, पण त्याने जगाचे लक्ष वेधले. अखेर १ मार्च १९५२ रोजी बेट परत मिळाले. आजही तो दिवस तिथे सणासारखा पाळतात.

परत मिळाले ते काय? दगडांचे ढीग, बाँबचे खड्डे आणि न फुटलेले बाँब. धडपणे उभी अशी एकच इमारत होती, विमानविरोधी तोफखान्याचा एक मनोरा. गावकऱ्यांनी काय करावे? त्याच मनोऱ्याचे दीपगृह केले. विमाने टिपण्यासाठी बांधलेला मनोरा आता जहाजांना वाट दाखवतो. मग बाँब वेचले, जमीन साफ केली, रस्ते आखले, पाण्याची सोय केली, घरे बांधली. एकेक कुटुंब परतले.

आजचे गाव पाहिले तर हे सारे खरे वाटणार नाही. रस्त्यात मोटारी नाहीत. इतकेच काय, सायकलींनाही बंदी आहे, आणि ती जर्मनीच्या वाहतूक नियमांत खास कलम घालून. सामान विजेच्या लहान गाड्यांवरून जाते. पूर्वी छपरांवरचे पावसाचे पाणी साठवून पीत, आता समुद्राचे पाणी गोडे करून घेतात. मुख्य भूमीवरून समुद्राखालच्या तारेने वीज येते, आणि जवळच्या समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांची देखभाल इथल्या बंदरातून होते. युरोपीय संघाच्या जकात क्षेत्राबाहेर असल्यामुळे इथे दारू, तंबाखू, अत्तरे स्वस्त. दिवसभरासाठी येणारे पाहुणे पिशव्या भरून नेतात. मात्र या मालावर नगरपालिका स्वतःचा आयातकर घेते, आपल्याकडच्या जुन्या जकातीसारखा. त्यावरही गावाचा गाडा चालतो.

माणसांखेरीज इथे दुसरीही वस्ती आहे. पश्चिमेच्या कड्यावर समुद्रपक्षी हजारोंनी घरटी करतात. जूनच्या संध्याकाळी गिलमॉट पक्ष्यांची तीन आठवड्यांची पिले, पंख नीट फुटण्यापूर्वीच, उंच कड्यावरून खालच्या समुद्रात उड्या घेतात. ड्यूनच्या वाळूत हिवाळ्यात करड्या सीलांची शेकडो पिले जन्मतात. स्थलांतर करणारे थकलेले पक्षी इथल्या मोजक्या झुडपांत उतरतात, म्हणून पक्षिशास्त्रज्ञांचे इथे जुने केंद्र आहे. पक्षी इजा न करता पकडून, पायात कडी घालून सोडून देण्यासाठी इथे नरसाळ्याच्या आकाराचा जाळीचा मोठा पिंजरा तयार झाला. जगभर त्याला 'हेलिगोलँड सापळा' असेच नाव आहे.

आता शेवटची गोष्ट. १७२० साली तुटलेले बेटाचे दोन तुकडे मधल्या समुद्रात भराव घालून पुन्हा जोडावेत, अशी योजना काही वर्षांपूर्वी पुढे आली. नवी जमीन मिळेल, हॉटेले होतील, रोजगार वाढेल, तरुण माणसे गाव सोडून जाणार नाहीत, असे एका बाजूचे म्हणणे. समुद्राचे प्रवाह बदलतील, बेटाचे बेटपण जाईल, असे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही बाजूंना वजन होते. २६ जून २०११ रोजी गावात मतदान झाले. चोपन्न टक्क्यांहून अधिक मते विरुद्ध पडली आणि योजना बारगळली.

निर्णय शहाणपणाचा होता की नव्हता, यावर बेटावर अजूनही दोन मते असतील. गावात दोन मते असणे चांगलेच. माझ्या दृष्टीने महत्त्व वेगळ्याच गोष्टीला आहे. १८०७ साली, १८९० साली, १९४७ साली या खडकाचे काय करायचे ते दूरच्या राजधान्यांत ठरले. २०११ साली ते बेटावरच्या मतपेटीत ठरले. हजार-दीड हजार माणसांच्या नगरपालिकेत एकेका मताला किती वजन असते, याचा हिशेब करून पाहावा. आणि आपल्याकडे मतदानाच्या दिवशी सुटी मिळाली म्हणून आपण सहलीला निघतो, तेव्हा हेलिगोलँडच्या लोकांना हा अधिकार मिळायला दोनशे वर्षे लागली, एवढे आठवले तरी पुरे.